'ध'चा 'मा' : राघोबादादांचा बचाव आपण का पाठ करतो?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्याविषयी मराठी माणसाला एवढेच पाठ असते : आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. या एका अक्षराने राघोबादादांची जेवढी सोय केली, तेवढी इंग्रज फौजेनेही केली नाही.

मुळात हा बचाव दादांचाच. आपला हुकूम 'धरावे' असा होता, 'मारावे' नव्हे! अक्षर बदलणारा हात आनंदीबाईचा, हे साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवले, पण सर्वत्र रूढ असलेला समज म्हणून. समज म्हणजे शाबिती नव्हे.

माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांना हा बचाव ठाऊक नव्हता काय? डफच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांनी तो कागद मिळवला आणि त्यातील फेरफारही पाहिला. तरीही प्रायश्चित्त विचारणाऱ्या दादांना त्यांनी देहान्तच सांगितला. गारद्यांना पेशव्यावर सोडणारा अक्षराआड लपू शकत नाही, हाच त्याचा अर्थ. मग गारदी दोषी, बायको दोषी, आणि हुकूम देणारा तेवढा बिचारा, हा न्याय कुणाचा?

हाच पेच १९४८ मध्ये टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे होता. अकरा न्यायाधीशांपैकी राधाबिनोद पाल आपल्याला ठाऊक असतात. फ्रान्सचे आंरी बेर्नार सहसा नसतात. २५ आरोपी दोषी ठरले, सातांना फाशी झाली; सम्राट हिरोहितोवर खटलाच भरला गेला नव्हता. मुख्य कर्ता मोकळा सोडून इतरांचा न्याय कसा करायचा, असा आक्षेप बेर्नार यांनी आपल्या भिन्न मतपत्रात नोंदवला. पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी निदान त्या कर्त्याचे नाव उच्चारले गेले होते.

सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ च्या 'भाऊबंदकी'त रामशास्त्र्यांना रंगभूमीवर उभे केले. त्या बाणेदारपणाला टाळ्या आजही पडतात. निवाड्यात काय होते, हे मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारून पाहावे.

शिक्षा अमलात आली नाही, तेव्हा निवाडा फोल, असेही म्हटले जाते. पण त्या दरबारात पाऊल ठेवायचे नाही म्हणून शास्त्री पद सोडून वाईजवळच्या खेड्यात गेले, ते बारभाईंच्या कारभारातच परतले. दादा १७७५ मध्ये सुरतेचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पेशवाईची गादी त्यांना पुन्हा लाभली नाही.