मार्चचा अर्थसंकल्प डिसेंबरपर्यंत टिकतो का?

अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून 28 जून 2024 रोजी विधानसभेत 6 लाख 12 हजार 293 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच 9 जुलैला त्याच सभागृहात 94 हजार 889 कोटींच्या पुरवणी मागण्या दाखल झाल्या. त्यातले 25 हजार कोटी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी होते. ही योजना कुठून अचानक उगवली नव्हती. ती अर्थसंकल्पाच्या भाषणातच जाहीर झाली होती आणि तिला वर्षाला 46 हजार कोटी लागतील, हेही सरकारनेच सांगितले होते. घोषणा भाषणात आली आणि पैसा पुरवणीत. करदात्याने यांपैकी कोणता आकडा खरा धरायचा?

पुरवणी मागण्यांची सोय राज्यघटनेच्या 205 व्या कलमातच आहे आणि ती आवश्यकही आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पावसाने शेते खरवडून नेली, त्यानंतर सरकारने 31 हजार 628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. असा खर्च मार्चमध्ये कोणालाच दिसत नसतो. त्यासाठी पुरवणी मागणी आली तर कुणीही शहाणा माणूस हरकत घेणार नाही. हरकत आहे ती अपवादाचा शिरस्ता झाला याला. 2024-25 या एका वर्षात जुलैच्या 94 हजार कोटींवर डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात 33 हजार कोटींहून जास्त आणि मार्चमध्ये आणखी 6 हजार 486 कोटी मागितले गेले. तिन्ही मिळून 1 लाख 35 हजार कोटींच्या पुढे. मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून ही रक्कम मोठी आहे. पुढच्या वर्षी तेच. 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा, त्यावर पावसाळी अधिवेशनात 57 हजार 509 कोटी आणि नागपुरात 75 हजार 286 कोटी.

इथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. 2024-25 चा मूळ खर्च 6 लाख 12 हजार 293 कोटी. त्यात पुरवणी मिळवली तर वर्षाचा खर्च साडेसात लाख कोटींच्या आसपास जायला हवा. प्रत्यक्षात मार्च 2025 मध्ये सादर झालेला सुधारित अंदाज 6 लाख 72 हजार 30 कोटींचा आहे. मधले 75 हजार कोटी गेले कुठे? काही भाग निव्वळ जमाखर्चाचा असतो. एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम फिरते, केंद्राचा वाटा हिशेबात येतो, त्यामुळे निव्वळ भार कमी भरतो. जुलै 2025 च्या 57 हजार कोटींच्या मागण्यांचा निव्वळ भार 40 हजार 644 कोटी होता, तो याचमुळे. पण सगळे अंतर एवढ्याने भरून निघत नाही. उरलेली रक्कम ही अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या पण पुढे निधीच न मिळालेल्या कामांची असते. नवा खर्च मंजूर करताना आमदार मतदान करतात. जुन्या खर्चाला कात्री लागते तेव्हा मतदान होत नाही, चर्चा होत नाही, साधी घोषणाही होत नाही. वित्त विभाग निधी वितरणाची टक्केवारी ठरवतो आणि कात्री लागून जाते.

कात्री कुठे लागली हे मग दुसऱ्याच वाटेने कळते. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी बोलून दाखवली. मंत्र्यालाच आपल्या खात्याचा पैसा वळवल्याची तक्रार जाहीरपणे करावी लागते, तिथे करदात्याला काय कळणार? त्याच वर्षी राज्यभरचे शासकीय कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. या थकबाकीचे मूळ अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. आपल्या मतदारसंघातला रस्ता अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत, ‘व्हाइट बुक’मध्ये, यावा म्हणून प्रत्येक आमदार धडपडतो. काम यादीत येते, पण पहिल्या वर्षी त्याच्यापुढे जेमतेम टोकन तरतूद असते. निविदा निघते, डांबर पडते, बिल मात्र कोषागाराच्या दारात रांगेत उभे राहते. अशी कामे साठत जातात आणि पुढच्या वर्षाचा पैसा मागच्या वर्षाच्या बिलांत जिरतो.

खर्चाची ही तऱ्हा, तर कराची त्याहून वेगळी नाही. पूर्वी लोक अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘स्वस्त काय, महाग काय’ ही चौकट आधी वाचत. आता त्या चौकटीला फारसा अर्थ उरलेला नाही, कारण कर वर्षभर केव्हाही बदलतात. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो लावणार नसल्याचे विधान परिषदेत सांगितले. त्यानंतर तीन महिन्यांत, 10 जून 2025 रोजी, मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क दीडपट केले आणि त्यातून वर्षाला 14 हजार कोटी जास्त मिळतील असे सांगितले. दारूवर कर वाढला याचे दुःख करायचे कारण नाही. मुद्दा असा की 14 हजार कोटींचा निर्णय हा कोणत्याही मापाने अर्थसंकल्पाएवढाच गंभीर आहे, आणि तो अर्थसंकल्पाबाहेर झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास अध्यादेश निघाला आणि 100 किंवा 200 रुपयांच्या मुद्रांकावर होणारे अनेक दस्त 500 रुपयांवर गेले. भावाबहिणींमधले हक्कसोडपत्र करणाऱ्या कुटुंबाला हा करबदल समजला तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात.

अधिभारांची गोष्ट तर आणखी बोचरी आहे. 2015 च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये वाढवले गेले. दुष्काळाशी लढायला पैसा हवा, म्हणून लोकांनी ते मुकाट्याने दिले, आणि दिलेच पाहिजेत. 2016 चा पावसाळा चांगला झाला, पण अधिभार उतरला नाही. उलट महामार्गालगतच्या दारूदुकानांवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आल्यावर बुडालेल्या महसुलाची भरपाई म्हणून एप्रिल 2017 मध्ये पेट्रोलवर आणखी 3 रुपये चढले. पुण्यात 60 लाखांचे घर घेणाऱ्या पुरुषाला आज 7 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार मुद्रांक शुल्क पडते. त्यातला 1 टक्का, म्हणजे 60 हजार, मेट्रोच्या नावाने. मेट्रो त्याच्या उपनगरात कधी येणार, आणि हा टक्का कधी थांबणार, याचे उत्तर त्याच्या हाती पडणाऱ्या एकाही कागदावर नसते.

याच महाराष्ट्राने कर आणि खर्च यांची गाठ किती घट्ट बांधता येते ते एकेकाळी देशाला दाखवले आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्या निधीतून खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचे. 1977 चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मुंबईतल्या कारकुनाला आपल्या पगारातून कापलेली रक्कम कुठे जाते ते सांगता येत होते. बीड-उस्मानाबादेतल्या पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या बाईलाही आपली मजुरी कुठून येते ते सांगता येत होते. कर देणारा आणि खर्चाचा लाभ घेणारा यांच्यात असे नाते जुळले, की कर टोचत नाही. पुढे 2005 मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि अकुशल मजुरीचा भार दिल्लीने उचलला. व्यवसाय कर मात्र चालूच आहे. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500. 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल 2023 पासून माफी मिळाली, हे चांगलेच झाले. बाकीच्यांच्या पगारपत्रकात ‘पीटी’ ही दोन अक्षरे तेवढी उरली आहेत, त्यांच्यामागची हमी कुणाला आठवत नाही.

दुसरा धडाही घरचाच आहे. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी 1986 मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग सुरू केला. मागच्या वर्षी तरतूद होती म्हणून यंदाही द्या, हे चालणार नाही. प्रत्येक योजनेने आपली गरज पहिल्यापासून सिद्ध करायची. मंत्रालयात कुरकुर झाली. 1988 मध्ये शंकरराव दिल्लीत गेले आणि प्रयोग ओसरला. कठोर शिस्तीच्या त्या माणसाला जे दिसले ते आज अधिक खरे आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पी अंदाजात राज्यावरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर गेले. त्याच अंदाजात महसुली तूट 45 हजार 891 कोटींची आणि राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार 235 कोटींची आहे. ही राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत बसते, त्यामुळे महाराष्ट्र बुडीत निघाला असे म्हणणे खोटे ठरेल. पण 2005 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने महसुली तूट संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. पगार, व्याज आणि अनुदाने कर्जातून भागवायची वेळ येते, तेव्हा आज सोसवेल असे वाटणारा बोजा उद्याच्या करदात्याच्या नावावर चढतो.

त्यामुळे आता हवी ती सुधारणा नव्या घोषणेची नाही, कागदाची आहे. पुरवणी मागण्यांच्या प्रत्येक पुस्तिकेला एक विवरणपत्र जोडणे विधिमंडळाने बंधनकारक करावे. मागितलेल्या रकमेपैकी किती नव्या करातून येणार, किती कर्जातून, आणि कोणत्या खात्याच्या कोणत्या कामाला कात्री लावून किती. आज बीम्स या संगणक प्रणालीवर कोणत्या लेखाशीर्षावर किती तरतूद आहे आणि किती निधी सुटला, हे सरकारला रोजच्या रोज दिसते. म्हणजे माहिती नाही ही सबब उरत नाही. ती सभागृहापुढे मांडण्याची इच्छा तेवढी हवी. अध्यादेशाने किंवा मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाढवलेला कर पुढच्याच अधिवेशनात स्वतंत्र चर्चेला यावा, पुरवणी मागण्यांच्या गर्दीत वेळ संपला म्हणून तो गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविनाच थेट मतदानाला, जाऊ नये. प्रत्येक उपकराच्या आणि अधिभाराच्या आदेशात तो संपण्याची तारीख असावी. मुदत वाढवायची असेल तर सरकारने आधीचा पैसा कुठे लागला ते दाखवून पुन्हा मंजुरी मागावी. आणि याची सुरुवात मेट्रोच्या 1 टक्क्यापासून व्हावी. मुद्रांक शुल्काच्या पावतीवर त्या शहरातून या नावाने आजवर किती जमा झाले आणि मेट्रोला प्रत्यक्ष किती पोहोचले, हे दोन आकडे छापायला कुठल्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही.