बारा मेच्या गुलाबांनंतर

१२ मेचा परिचारिका दिन आला की रुग्णालयांत सिस्टरांना गुलाब देतात, त्यांच्या सेवाव्रताचे गोडवे गातात. त्यातल्याच एखादीला त्या रात्री भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळायचा असतो. हे कौतुक वर्षभर आमच्या घशाखाली उतरलेलं नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. कंत्राटी भरती नको, ही त्यांची एक मुख्य मागणी. चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री दोन वाजता कुठल्याही सरकारी वॉर्डात जाऊन बघा. एकाची सलाईन संपत आलेली, दुसऱ्याला हुडहुडी भरलेली, तिसऱ्याचे नातेवाईक अंगावर धावून आलेले. शिवाय सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी प्रत्येकाची नोंद पूर्ण हवी. बदलीची सिस्टर आलीच नाही, तर डबल ड्यूटी. कंत्राट संपलं की पुन्हा अर्ज. खासगीत काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रंच अडकवून ठेवतात. छोट्या खासगी रुग्णालयातही किमान २० हजार रुपये पगार द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सुचवलं होतं. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला तो मिळतो का, हे एकदा विचारून बघा.

अशी मुलगी आखातात निघाली, तर तिला पैशाची हाव सुटली असं आम्ही म्हणणार नाही. या अंकाचा विषय स्थलांतर आहे, म्हणून हेही नोंदवतो: २०२४ साली राज्य सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्यांसाठी सरकार धडपडतं, मग राहणाऱ्यांसाठी का नाही?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा रुग्णालयावरच्या ताणावर सगळेच बोलले. हा ताण रोज अंगावर घेणाऱ्या सिस्टरांना टिकवायचं, तर कायम नेमणूक, निकषाइतकी माणसं, रात्रपाळीच्या मुलींना जवळपास राहायची सोय आणि वॉर्डाच्या दारात सुरक्षारक्षक एवढं हवंच. पालिकांच्या निवडणुका येतील तेव्हा ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत मत मागायला दारी येईल त्याला विचारा: आपल्या पालिकेच्या रुग्णालयात कायम परिचारिका किती, आणि रात्री एका वॉर्डात किती जणी असतात? आकडा सांगता आला नाही, तर मत देण्याआधी दोनदा विचार करा.