तलाव ओळखायचं सर्टिफिकेट कोणाजवळ?



पाणथळ जागांची मोजणी म्हणजे पक्षीवाल्यांची गोष्ट, आपल्याला काय त्याचं, असं समजून गप्प बसू नका. तलाव कुठं संपतो आणि जमीन कुठून लागते हे ज्यानं कागदावर लिहिलं, त्याच्या लिहिण्यावर उद्या आपली मासोळी आणि ढोरांचं पाणी ठरणार आहे.

हे लिहिणारा कोण? प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल बनवणाऱ्या सल्लागार कंपनीला दिल्लीच्या 'नॅबेट'ची मान्यता लागते. दूर अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यात, पाणथळाची हद्द आखणाऱ्या माणसाला राज्याचं सर्टिफिकेट लागतं. शिकलेला माणूस पाहिजेच, आमची ना नाही. पण इथं त्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. आणि तो उन्हाळ्यात आला, तर सुकलेली बोडी पाहून पडीक लिहून जाईल.

उपग्रहावरून बनवलेल्या देशाच्या नकाशात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळ म्हणजे नुसता ठिपका. २०१७ च्या पाणथळ नियमांत तर सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी धरलीच नाहीत. मग आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांचं काय? पाळ माणसानं बांधली, खरं आहे. पण देवधान, कमळकंद, मरळ तिथंच वाढतात. कागदावर 'सिंचन तलाव' एवढे दोन शब्द पडले की तलाव यादीतून बाहेर.

तरी एक दोरी आपल्या हाती आहे. पाणथळ जाहीर करताना तिथल्या आधीपासूनच्या हक्कांची नोंद घ्या, असं त्याच नियमांत लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्याला पेसा लागू नाही, पण वनहक्क कायदा २००६ लागू आहे. वनजमिनीतल्या पाण्यावर आणि मासोळीवर सामूहिक हक्क त्याच्या कलम ३ मध्ये आहे. पुराव्याला निस्तार पत्रक चालतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. त्या जबाबाला कोणतंच सर्टिफिकेट लागत नाही.

म्हणून मोजणीवाला आला की त्याच्यासंगं चाला. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते दाखवा. नकाशाची प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. आणि त्याची वाट न पाहता येत्या ग्रामसभेत एकेका तलाव-बोडीचं नाव, हद्द आणि तिथून कोण काय घेतो, हे ठरावात लिहा. सायबाचा नकाशा येईल तेव्हा आपला नकाशा तयार पाहिजे.