आधी निदान, मग निकाल

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. पखाल म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातड्याची मोठी पिशवी. ती वाहणारा रेडा आजारी पडला असता त्याला सोडून पखालीला औषध लावणाऱ्या मनुष्याला आपण हसतो. परंतु घरातले एखादे यंत्र अडले, की आपल्यापैकी पुष्कळजण असेच वागतात. काय बिघडले, केव्हापासून बिघडले, याची विचारपूस न करता कोणी त्यावर थाप मारतो, कोणी दिसेल ती कळ दाबतो, आणि शेवटी ‘जुने झाले, टाकून द्या’ असा निकाल देऊन मोकळा होतो. निदान केल्यावाचून दिलेला असा निकाल हा यंत्रावर अन्याय आहे, आणि आपल्या बुद्धीवरही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांनो, तुमच्या आवडीचेच एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या घरी बारा-तेरा वर्षांचा एक संगणक आहे. त्याला इंटरनेटची जोडणी नाही. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मोठ्या हौसेने त्यावरील एक खेळ उघडू जाता. पण खेळ सुरू होत नाही, पडद्यावर दोन ओळींचा संदेश तेवढा येतो. येथे प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे, की अडलेला असतो तो बहुधा खेळ नव्हे. हल्लीच्या कित्येक खेळांच्या दाराशी ‘लाँचर’ नावाची एक आज्ञावली असते. जुन्या वाड्याच्या देवडीवर जसा पहारेकरी असे, तसेच तिचे काम. ती तुमचे नाव विचारते, पासवर्ड पाहते, दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरकडे चौकशी करते, आणि तेथून होकार आला म्हणजे दार उघडते. वाडा आत शाबूत असतो. अडवणूक होते ती देवडीवर. म्हणून शोधही देवडीपासूनच सुरू केला पाहिजे.

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, तसा पडद्यावरील संदेश आपण पुरता वाचावा आणि जसाच्या तसा वहीत उतरून घ्यावा. मग स्वतःला विचारावे : हा खेळ शेवटी केव्हा चालला होता? त्यानंतर काय बदलले? पुष्कळदा उत्तर या दोन प्रश्नांतच दडलेले असते.

यानंतर संगणकाचे घड्याळ पाहावे. हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. मेजावरच्या संगणकाच्या पोटात एक चपटा, नाण्यासारखा सेल असतो. बहुधा तो ‘सीआर २०३२’ या जातीचा असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून हा आकडा. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला, की संगणक प्रत्येक वेळी एखाद्या जुन्याच सालात जागा होतो. आता, इंटरनेटवरील सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवितो. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे त्यावर नोंदलेले असते. मागे पडलेल्या घड्याळाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. म्हणून जोडणी नाकारली जाते. वीजपुरवठा पूर्ण तोडून वडीलधाऱ्या माणसाकडून सेल बदलून घेतला आणि तारीख बरोबर लावली, की ही अडचण दूर होते. किरकोळ किमतीच्या सेलपायी सबंध संगणक भंगारात जावा, हे शहाणपणाचे लक्षण खास नव्हे!

तिसरी गोष्ट परवानगीची. ‘स्टीम’ या प्रसिद्ध लाँचरमध्ये इंटरनेटवाचून खेळण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी आधी एकदा संगणक इंटरनेटला जोडून आपले नाव नोंदवावे लागते आणि खेळ पुरता अद्ययावत करून घ्यावा लागतो. ही तयारी न करता जोडणी तोडली, तर पहारेकरी आपल्याला ओळखणार कसा?

हे सर्व करताना एक नियम कटाक्षाने पाळा. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याचा परिणाम पाहा. चार औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि अपाय झाला तर तो कशाने झाला हेही कळत नाही. खेळ काढून पुन्हा भरण्यापूर्वी आपल्या प्रगतीच्या फाइलींची एक प्रत वेगळी ठेवा. अनोळखी ठिकाणाहून ‘कुलूप फोडणाऱ्या’ आज्ञावली मात्र कधीही आणू नका. त्यांच्याबरोबर चोरही घरात शिरतो.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही हाच मार्ग धरला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क २’ नावाचा अवाढव्य संगणक अडला. तो विजेवर उघडमीट करणाऱ्या ‘रिले’ नामक कळांवर चालत असे. तेथील मंडळींनी यंत्राला दूषण दिले नाही; शोध घेतला. एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो कामाच्या वहीत चिकटवून त्याखाली नोंद केली. ती वही आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेली आहे.

परंतु प्रत्येक रोगाला घरी औषध असतेच असे नाही. ‘स्टीम’ने १ जानेवारी २०१९ पासून विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा यांना, आणि १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ व ८.१ यांना साहाय्य देणे थांबविले. या लाँचरच्या आत ‘क्रोम’ची यंत्रणा बसविलेली आहे, आणि तिच्या नव्या आवृत्त्या जुन्या विंडोजवर चालत नाहीत, हे त्याचे एक कारण. आता गंमत पाहा. २०१० साली निघालेला ‘सिव्हिलायझेशन ५’ हा खेळ विंडोज एक्सपीवरही चालावा असा घडविलेला होता; मात्र तो ‘स्टीम’मार्फतच उघडावयाचा होता. म्हणजे जुन्या खेळाचे आणि जुन्या संगणकाचे उत्तम जमते. दोघांच्या मध्ये उभा असलेला पहारेकरी तेवढा नव्या काळाचा!

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुन्या यंत्रणा कायम सांभाळणे खर्चाचे असते. शिवाय, विंडोज ७ ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी संपली. असा संगणक इंटरनेटवर मोकळा ठेवणे धोक्याचे आहे. हे सारे खरे. तरीही रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याच घरात बंद पडावी, हे मला न्याय्य वाटत नाही. एकदा उतरवून घेतलेला खेळ कोणालाही न विचारता चालू शकतो. पोलंड देशातील ‘गॉग’ ही संस्था २००८ पासून तसेच खेळ विकत आली आहे. तेव्हा हे अशक्य नाही. पहारेकऱ्याला नोकरी सोडावयाची असेल तर त्याने खुशाल सोडावी. परंतु जाताना वाड्याची किल्ली धन्याच्या हाती द्यावी.

म्हणून सांगतो, कोणतेही यंत्र अडले तर आधी कारण शोधा. दोष यंत्रात असेल, तर दुरुस्ती करा. दोष आपल्या अज्ञानात असेल, तर शिकून घ्या. आणि दोष दुसऱ्याने घातलेल्या नियमात असेल, तर तो नियम बदला, असे सभ्य पण ठाम शब्दांत सांगा. मात्र या तिन्हींपैकी काय खरे आहे, हे शोधल्यावाचून बिचाऱ्या जुन्या यंत्राला अपराधी ठरवू नका.