भेटीला चाललेय की कामाला?



हा मजकूर मी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर बसून लिहायला घेतला. गोंदियाहून दुपारी निघालेली विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचते. माझं विमान मध्यरात्रीनंतरचं. मुंबईत माझं कुणी नाही, त्यामुळे अख्खा दिवस आणि अर्धी रात्र हातात होती. इतका वेळ मला जन्मात मिळाला नव्हता. घरात रिकामं बसलेलं कुणी पाहिलं की काम सांगतं. इथे मला कुणी ओळखतच नव्हतं.

लेकीला पाहून चार वर्षं झाली. ती अमेरिकेत नोकरी करते. आता दिवस भरत आलेत. तिला कधी पाहीन, जवळ घेईन असं झालंय. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, ‘बाईला लेकीची माया नाही.’ माया आहे. म्हणूनच राग आहे.

माझ्याजवळ २३ किलोच्या दोन बॅगा होत्या. गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तीनदा तोलून भरलेल्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, झबली-टोपडी, गोधडी, शेकायला लागणारं सगळं. माझे स्वतःचे कपडे, चष्मा आणि औषधं एका कोपऱ्यात मावली. ती बॅग पाहून कुणीही सांगेल की ही बाई पाहुणी म्हणून चाललेली नाही. पाहुणी हत्यारं घेऊन जात नाही.

दुपारनंतर शेजारी आणखी बायका येऊन बसल्या. एक जळगावकडची, एक सोलापूरची, एक नाशिकची, एक हैदराबादहून आलेली पण मराठी बोलणारी. सगळ्या पन्नाशी-साठीच्या. प्रत्येकीजवळ प्लॅस्टिकच्या फोल्डरात कागद. दोघींचे नवरे बरोबर होते, आणि त्या दोघींचे पासपोर्ट नवऱ्यांच्या खिशात होते. बोलता बोलता कळलं, पाचपैकी चार जणी बाळंतपणाला चाललेल्या. पाचवी दोन वर्षांच्या नातवाला सांभाळायला, कारण व्याहीणबाईंचे सहा महिने संपलेत. ती हसत म्हणाली, “आमची पाळी असते हो. सहा महिने त्या, सहा महिने मी.” गिरणीत जशी पाळी बदलते, तशा आज्या बदलतात. फरक एवढाच की गिरणीत पाळीचा पगार मिळायचा.

हिची ही तिसरी खेप. तिला दिवस कसा जातो ते विचारलं. सकाळी पाचला उठायचं, कारण सून रात्रभर जागलेली. चहा, डबे, बाळाची अंघोळ, मालीश, धुरी, दूध, धुणं, दुपारचं जेवण, संध्याकाळचं जेवण. बाहेर बर्फ. गाडी चालवता येत नाही, आणि गाडीशिवाय तिथे भाजीसुद्धा मिळत नाही. जवळ पैसे नाहीत. लागले तर मुलाकडे मागायचे. बोलायला भिंती. रविवारी सगळे मिळून कुठेतरी नेतात, फोटो काढतात. “ते फोटो गावात सगळ्यांना दिसतात. बाकीचे सहा दिवस कुणाला दिसत नाहीत,” ती म्हणाली. त्या फोटोंवरूनच आपण एकमेकींना म्हणतो, नशीब काढलं बाईने!

आता व्हिसाची गंमत ऐका. अर्ज भरून देणाऱ्याने माझ्या व्यवसायाच्या रकान्यात मला न विचारता ‘हाउसवाइफ’ लिहून टाकलं. मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. जावयाने फोनवर पढवून ठेवलं, “आई, भेटायला चाललेय एवढंच सांगा. बाळ सांभाळण्याचं काही बोलू नका.” कारण या व्हिसावर तिथे काम करायला बंदी आहे. म्हणजे कायदा म्हणतो, काम करू नकोस. घर म्हणतं, कामाला ये. आणि दोघांचंही भांडण होत नाही, कारण बाई घरात जे करते त्याला दोघेही काम मानत नाहीत!

याच विमानतळावरून दुसऱ्याही बायका जातात. आखाती देशांत घरकामाला. दहावी न झालेल्या बाईला तिकडे नोकरीला जायचं तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारची परवानगी घ्यावी लागते, आणि तीस वर्षांच्या आतल्या बाईला ती द्यायची नाही असा नियम सरकारने केला. त्या बायकांचे हाल मोठे आहेत, माझी आणि त्यांची बरोबरी मी करत नाही. पण एक गोष्ट दिसते. परक्याचं मूल पगार घेऊन सांभाळायला निघालेली बाई सरकारला दिसते. आपलं मूल फुकट सांभाळायला निघालेली दिसत नाही.

यात लेकीचा दोष आहे का? मुळीच नाही. तिचं काय चाललंय ते पाहा. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात केंद्रीय कायद्याने पगारी बाळंतरजा नाही. १९९३चा जो कायदा आहे तो १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. काही राज्यांनी आपले कायदे केले, काही कंपन्या आपणहून रजा देतात, पण ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. पाळणाघर इतकं महाग की एका पगाराचा मोठा घास तिथेच जातो. मग कंपनीला स्वस्त उपाय सापडलाय. तो उपाय गोंदिया जिल्ह्यात राहतो, विमानाचं तिकीट काढलं की येतो आणि सहा महिने तक्रार करत नाही. पूर्वी पहिलटकरीण माहेरी येत असे. आता माहेरच दोन बॅगा उचलून तिच्याकडे जातं.

आपल्याकडे सगळं चांगलं आहे असं समजू नका. २०१७च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा २६ आठवडे पगारी रजा देतो. पण कुणाला? आमच्या जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडणारीला, रोवणीला वाकणारीला, घरी बिड्या वळणारीला हे २६ आठवडे माहीतही नाहीत. तिला पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, तेही कागदपत्रं जुळली तर. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आमच्या बांध्यांवरून दिवसभर घिरट्या घालतात, आणि खाली चिखलात ओल्या बाळंतिणी रोवणी करतात. मुलं जन्माला घालण्याचा आणि वाढवण्याचा खर्च इथे बाई भरते, तिथेही बाईच भरते. मालक आणि सरकार दोन्हीकडे नामानिराळे.

आता माझ्या घरचं सांगते. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी सहा महिने नाही. त्यांचं कोण करणार? घरात नवरा आहे, धाकटा दीर आहे, धडधाकट. पण हे ‘बाईमाणसाचं काम’. म्हणून मी शेजारच्या एकीला महिन्याच्या पैशावर ठेवलं. ती सकाळी लवकर येते. मग तिच्या घरी स्वयंपाक कोण करतं? सातवीतली तिची पोर. निघायच्या आदल्या दिवशी मी ती पोर शाळेच्या वेळेला चुलीपुढे बसलेली पाहिली. तीस वर्षं मी अशाच पोरींना हाताला धरून शाळेत नेलं होतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी २००० साली याला काळजीची जागतिक साखळी म्हटलं. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. वरच्या बाईची जागा खालची बाई भरते, तिची जागा तिच्याहून खालची. सर्वांत खाली एक मुलगी असते आणि तिची जागा भरायला कुणी नसतं. या साखळीत पुरुष कुठे आहे? तो तिकीट काढतो आणि स्टेशनवर पोचवायला येतो.

२०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहा. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. आणि ती कामं करणारे पुरुष मुळात थोडे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांनी ती उचलली नाहीत. उलट त्यांनीही नऊ मिनिटं सोडली.

आता आक्षेप येतात. “आजीच्या मायेचा हिशेब करता?” हे वाक्य मला नवं नाही. अंगणवाडीत तीस वर्षं हेच ऐकलं. १९७५ साली योजना सुरू झाली तेव्हापासून आम्हाला पगार नाही, ‘मानधन’. का? तर तुमची सेवा, तुमची माया, तिला का पगार देतात? ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हाही मुलांचं काय होणार हा प्रश्न आम्हालाच विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं की सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. न्यायालयाला जे कळलं ते ‘माये’ची भाषा बोलणाऱ्यांना कळत नाही, कारण न कळण्यात त्यांचा फायदा आहे.

जानेवारी २०२१मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की गृहिणीच्या कामालाही मोल आहे, ते धरून भरपाई द्या. निकाल चांगला आहे. पण विचार करा, बाईच्या कामाची किंमत ती मेल्यावर काढली जाते! जिवंतपणी काढली तर ती स्वार्थी ठरते.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच. “बाई, हा सुखवस्तूंचा प्रश्न. आपल्यापुढे दारू आहे, हुंडा आहे, वनहक्क आहेत.” आहेतच. पण त्या लढायांत पुढे असणाऱ्या बाया कुठे जातात ते मोजा. आमच्या तालुक्यातल्या गटातल्या तीन कर्त्या जणी गेल्या काही वर्षांत पुण्याला, बंगळूरला, परदेशात नातवंडांमागे गेल्या. उमेदीच्या वयात मुलांनी अडवलं, मोकळं व्हायच्या वयात नातवंडांनी. बैठकीला न येण्याचं कारण आपण वहीत ‘घरगुती’ लिहितो आणि पान उलटतो. ते पान उलटायचं थांबवा.

मग काय, जाऊच नये? मी तर जातेच आहे. पण जाताना काही अटी घालायला आपण शिकलं पाहिजे.

पहिली, आधी विचारा. तिकीट काढून मग कळवणं म्हणजे विचारणं नव्हे. दुसरी, पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि विम्याचे कागद बाईच्या स्वतःच्या पिशवीत राहतील. तिसरी, तिथे तिच्या हातात तिचे पैसे असतील, आणि त्या सहा महिन्यांत इथे बुडणारं तिचं उत्पन्न भरून दिलं जाईल. याला पगार म्हणायची लाज वाटत असेल तर दुसरं काही म्हणा, पण द्या. चौथी, आठवड्यातून एक दिवस तिचा. पाचवी, बाळाच्या बापाने पहिल्या दिवसापासून मालीश, धुणं, रात्रीचं जागरण शिकावं. आई किंवा सासू आली म्हणून त्याची सुटका नाही. आणि सहावी, ती मागे ठेवून जाते ते काम घरातल्या पुरुषांनी उचलावं, दुसऱ्या गरीब बाईवर ढकलू नये.

सहावी अट मी स्वतःच पाळली नव्हती. बाकावर बसल्या बसल्या नवऱ्याला फोन केला. सांगितलं, उद्यापासून सकाळचं आईंचं तुम्ही आणि दिराने करायचं. शेजारणीला दहानंतर बोलवा, पैसे तेवढेच द्या, पोर शाळेत गेली पाहिजे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, “मला ते जमायचं नाही.” मी म्हटलं, “मलाही लग्नाआधी जमत नव्हतं. शिकले.” पुढे काय झालं ते परत आल्यावर कळवीन. झालं नसेल तर तेही कळवीन.

रात्री आम्ही पाच जणींनी दशम्या आणि ठेचा वाटून खाल्ला. ज्या दोघींचे पासपोर्ट नवऱ्यांच्या खिशात होते त्यातली एक उठली, नवऱ्याकडे गेली आणि हात पुढे केला. त्याने विचारलं, “कशाला?” ती म्हणाली, “माझा आहे म्हणून.” त्याने दिला. एवढंच झालं. तिने तो पदराआड घट्ट धरला आणि आमच्यात येऊन बसली.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गावातून किती जणी अशा गेल्या, त्यांच्या जागी घरात कोण आलं, आणि त्या शेवटच्या मुलीचं काय झालं, ते मोजा. कुणी मोजलं नाही म्हणूनच हे आजवर फुकट चाललंय.