सावंतवाडी म्हणजे नुसता थांबा नव्हे



गोव्याच्या वाटेवरील गावांविषयीचा लेख वाचला. त्यात सावंतवाडीच्या वाट्याला मोती तलाव आणि चहा एवढेच आले. गंजिफा, म्हणजे इथले रंगवलेले खेळायचे पत्ते, तर इतिहासजमाच ठरवली. हे पटत नाही. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, प्रत्येक अवताराचे १२, आजही राजवाड्यात हाताने रंगवले जातात. लोपत चाललेली ही कला शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले या इथल्या राजदांपत्याने जुन्या चितारींना हाताशी धरून जगवली. २०२४ मध्ये गंजिफेला आणि इथल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने चूल पेटत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते. लेखकाने वाचकांना तलावावरून पुढे कारागिरांच्या चितारआळीत धाडले असते, तर त्यांचे भले झाले असते.

– एक वाचक, सावंतवाडी