चिपीचे विमान आणि घड्याळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळ व मुंबई यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. सडकेने तेच ५०० च्या घरात जाते. या मार्गावर योजिलेले ७० आसनांचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. त्या हिशेबाने हा प्रवास पाऊण तासाचा ठरावा. परंतु ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात तिला दिलेला अवधी होता ८५ मिनिटांचा. उरलेली चाळीस मिनिटे गेली कोठे?

ती बहुतांशी मुंबईच्या आकाशात व जमिनीवर गेली. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्र वापर होऊ शकत नाही. उतरण्यासाठी विमानांना घिरट्या घालाव्या लागतात, उड्डाणासाठी रांगेत तिष्ठावे लागते. आणि ही वाट पाहणे मोठ्या विमानाइतकेच लहान विमानाच्याही वाट्यास येते. मार्ग जितका आखूड, तितका हा भुर्दंड अधिक बोचतो.

तथापि खरी मेख मिनिटांत नसून प्रहरात आहे. हे विमान मुंबईहून साडेअकराच्या पुढे निघे आणि चिपीहून दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी परते. कुडाळच्या गृहस्थाने घर सोडावयाचे सकाळी अकराला, आणि गिरगावात पोहोचावयाचे ते चार वाजून गेल्यावर. न्यायालय उठलेले, कचेऱ्या आवरू लागलेल्या, डॉक्टरांची सकाळची तपासणी संपलेली. उलट, कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाडीस दहा-बारा तास लागतात खरे, पण ते झोपेचे तास असतात. सकाळी उतरून मनुष्य थेट कामाला लागतो. म्हणजे दिवस वाचतो तो आगगाडीने आणि दवडला जातो तो विमानाने! मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली हाती घेतलेले चौपदरीकरण दशक उलटले तरी अपुरे राहिले नसते, तर या विमानाचे एवढे अप्रूप तरी वाटले असते काय, अशी शंका येते.

‘उडान’ योजनेत तासाभराच्या उड्डाणास निम्म्या आसनांवर सुमारे २,५०० रुपयांची भाडेमर्यादा घालण्यात आली. येणारी तूट तीन वर्षेपर्यंत भरून द्यावयाची. तीतील पाचवा हिस्सा राज्याच्या तिजोरीतून, बाकीचा मुख्यत्वे मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारातून. म्हणजे दिल्लीस जाणारा प्रवासी चिपीच्या प्रवाशाचा भार अंशतः उचलतो. त्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मदत किलोमीटर व मिनिटे मोजून द्यावयाची आणि विमान कोणत्या वेळी सुटते याकडे मात्र पाहावयाचे नाही, या रीतीस. तीन वर्षांची मुदत सरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सेवा थांबली. यात नवल ते काय?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे. कोकणाच्या वाटेवर तो सांताक्रूझपेक्षा जवळ आहे, आणि नव्या विमानतळावर सकाळच्या वेळा अद्याप सर्वस्वी वाटल्या जावयाच्या असतात. राज्य सरकारला चिपीच्या मार्गासाठी पुन्हा पैसा मोजावयाचा असेल तर त्याने करारात एकच अट प्रथम लिहून घ्यावी: विमान सकाळी आठापूर्वी चिपीहून निघेल आणि सायंकाळी तेथे परतेल. त्या वेळा आज मागितल्या नाहीत, तर त्या मोठ्या कंपन्यांच्या पदरी पडतील.